आधी सूर्य, मग जमीन, मग यान: अपोलो ११ चा १:४८ मधला देखावा

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा बुरुजापेक्षा उंच असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. महाराज सिंहासनावर बसले की निम्मा बालेकिल्ला झाकला जातो, तळ्यात होडीएवढं बदक पोहत असतं, तरी बघणारा म्हणतो, "वा, काय किल्ला झालाय!" चंद्राच्या देखाव्यात ही सवलत मिळत नाही. तिथे झाड नाही, घर नाही, रस्ता नाही. डोळ्याला मापाचा अंदाज देणाऱ्या गोष्टी तीनच: यान, माणूस आणि सावली. त्यातली एक जरी फसली, तरी चंद्राचं वाळूचं ताट होतं.

मी हा देखावा तीनदा केलाय. पहिल्या वेळी महिनाभर यानाचं प्लास्टिकचं किट जोडत बसले आणि जमीन एका रविवारी दुपारी उरकली. यान देखणं झालं, पण सिमेंटच्या गोणीवर ठेवल्यासारखं दिसायचं. दुसऱ्या वेळी जमिनीवर मेहनत घेतली, पण वर लावली ट्यूबलाइट. सगळे खड्डे गायब. तिसऱ्या वेळी उलटी सुरुवात केली: आधी सूर्य कुठे ते ठरवलं, मग जमीन केली, यान सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने जातो, त्यामुळे किटच्या जोडणीबद्दल इथे कमी आणि धुळीबद्दल जास्त वाचायला मिळेल.

मिनिट ठरवा

'अपोलो ११ चं लँडिंग' हा झाला विषय. देखावा मात्र एका मिनिटाचा असतो, आणि ते मिनिट आधी ठरवावं लागतं.

ईगल, म्हणजे अपोलो ११ चं उतरणारं यान, चंद्रावर टेकलं तेव्हा अमेरिकेत २० जुलै १९६९ ची दुपार होती. आपल्याकडे २१ तारीख लागली होती, रात्रीचे १ वाजून ४७ मिनिटं. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं भारतीय वेळेनुसार सकाळी ८:२६ ला. त्यानंतर साधारण वीस मिनिटांनी त्याचा साथीदार ऑल्ड्रिन उतरला. सगळा बाहेरचा कार्यक्रम अडीच तासांचा, आणि त्यात वस्तू ठरावीक क्रमानेच बाहेर आल्या. आधी टीव्ही कॅमेरा यानापासून लांब नेऊन तिकाटण्यावर ठेवला. मग सौरवाऱ्याचे कण पकडणारा ॲल्युमिनियमचा पातळ पडदा उभा राहिला, मग झेंडा, मग राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा फोन. भूकंपमापक आणि लेसर परावर्तक ही उपकरणं त्याच्याही नंतर.

म्हणजे झेंडा दाखवलात तर तो पडदाही दाखवायलाच हवा. परावर्तक मांडलात तर झेंडा उभा असायला हवा. पहिलं पाऊल दाखवायचं असेल तर झेंडा नाही, पडदा नाही, जमिनीवर एकही ठसा नाही आणि दुसरा माणूस अजून यानात. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक किटच्या खोक्यांवरच्या चित्रांत या सगळ्याची खिचडी असते, तिच्या नादी लागू नका.

काहींना प्रत्यक्ष टेकण्याचा क्षण करायचा असतो. करा, पण कापसाचे लोट लावू नका. ईगल जमिनीपासून साधारण ३० मीटरवर आलं तेव्हा धूळ उडायला लागली, पण हवाच नसल्यामुळे तिचा ढग झाला नाही. इंजिनाच्या झोताने कण जमिनीलगत सरळ रेषेत चारी बाजूंना फेकले गेले. फटाक्यांच्या भाषेत सांगायचं तर तो अनार नव्हता, भुईचक्र होतं. हे दाखवायला पांढऱ्या नायलॉनचे तंतू विंचरून जमिनीला जवळजवळ चिकटवून, इंजिनाच्या तोंडापासून, म्हणजे नोझलपासून, बाहेरच्या दिशेने लावावे लागतात. फार किचकट काम. पहिल्याच प्रयत्नाला मी ते सुचवणार नाही.

माझ्या देखाव्यातलं मिनिट सकाळी साडेनऊच्या आसपासचं आहे. झेंडा लागलाय, फोन संपलाय, उपकरणं अजून यानाच्या पोटात आहेत, दोघं खाली आहेत. ठसे भरपूर, पण सगळीकडे तुडवातुडव झालेली नाही.

सूर्य ठरवा

आता त्या मिनिटाचा सूर्य. ईगल उतरलं तेव्हा सूर्य पूर्वेला क्षितिजापासून जेमतेम पावणेअकरा अंशांवर होता. चंद्रावर तो तासाला साधारण अर्धा अंश चढतो. त्यामुळे आपल्या मिनिटाला तो १४-१५ अंशांवर आहे. मी १४ धरते.

१४ अंश म्हणजे सावली उंचीच्या चौपट. यानाची उंची ७.०४ मीटर, म्हणजे त्याची सावली २८ मीटर. १:४८ मध्ये, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्यात, ती ५९ सेंटिमीटर होते! माणसाची सावली १६ सेंटिमीटर, आणि माणूस फक्त चार. हे आकडे कागदावर लिहून भिंतीला लावा, कारण फळीचं माप यांच्यावरच ठरतं.

दुसरी गोष्ट दिशा. ईगलचं तोंड, म्हणजे दार आणि शिडी, पश्चिमेकडे होतं. सूर्य त्याच्या पाठीमागे. शिडीवरून उतरतानाचे सगळे फोटो यानाच्याच सावलीत काढलेले आहेत. म्हणून शिडी समोर ठेवून देखावा मांडला, तर उजेड मागून यायला हवा आणि यानाचा दर्शनी भाग काळोखात जायला हवा. खरं तर तेच आहे, पण पाहुणे नाराज होतात. माझा तोडगा: बघणारा दक्षिणेला उभा आहे असं धरा. उजवीकडून सूर्य, डावीकडे लांब सावली, आणि शिडी डाव्या बाजूला तिरपी दिसते. सोनेरी झिलईवरही बाजूने उजेड पडला की ती खुलते.

मापं

१:४८ का, तर या मापात रेव्हेल कंपनीचं जुनं, वारंवार नव्याने बाजारात येणारं किट मिळतं आणि माणसाच्या हातात काही दाखवण्याइतका माणूस मोठा होतो. एअरफिक्स कंपनीचं १:७२ चं किट स्वस्त आणि लहान, यान दहा सेंटिमीटरच्या आत. घर लहान असेल तर ते घ्या आणि खालचे आकडे दीडने भागा.

नियम सोपा आहे. खरं माप सेंटिमीटरमध्ये घ्यायचं आणि ४८ ने भागायचं. यानाची उंची १४.७ सेंटिमीटर, फाकलेल्या पायांसकट रुंदी १९.६. पायाखालची तबकडी खऱ्यात ९४ सेंटिमीटर, म्हणजे आपली दोन सेंटिमीटर. झेंडा पाच फूट बाय तीन फूट, म्हणजे ३२ बाय १९ मिलिमीटर. बुटाचा ठसा साधारण ३३ सेंटिमीटर लांब, म्हणजे ७ मिलिमीटर. झेंडा यानाच्या मध्यापासून साधारण ८ मीटरवर होता, म्हणजे फळीवर १७ सेंटिमीटर. टीव्ही कॅमेरा आणि नंतरची उपकरणं १८-२० मीटरवर, म्हणजे ४० सेंटिमीटरच्या आसपास. ती फळीबाहेर जाऊ द्या.

फळी ६० बाय ६० ची, १२ मिलिमीटर प्लायवूड. यान मध्यभागी ठेवू नका. पूर्वेच्या कडेपासून १८ सेंटिमीटर आत त्याचा मध्य ठेवा, म्हणजे सावलीला धावायला ४२ सेंटिमीटर मिळतात आणि तिचं टोक कडेवरून खाली उतरून नाहीसं होतं. ही कापलेली सावलीच जागा मोठी असल्याचा भास देते.

जमीन

प्लायवर ३० मिलिमीटर जाडीचा एक्सपीएस फोम चिकटवा. इन्सुलेशनचं सामान विकणाऱ्या दुकानात त्याची शीट मिळते, कटरने स्वच्छ कापली जाते. नाहीच मिळाला तर फ्रीजच्या पॅकिंगमधला थर्माकोल चालेल, फक्त तो मोत्यांसारखा सुटत जातो. दोन्हींवर स्प्रे पेंट थेट मारू नका. माझ्या पहिल्या देखाव्यातला सर्वात खोल खड्डा असाच तयार झाला होता: रंगातल्या द्रावणाने थर्माकोल खाऊन टाकला आणि खालचं प्लाय दिसायला लागलं. आधी फेविकॉलचा पूर्ण थर, तो वाळल्यावर पुढचं.

ईगल उतरलं तो ट्रँक्विलिटी नावाच्या मैदानाचा भाग सपाट समजला जातो, म्हणूनच निवडला होता. पण सपाट म्हणजे टेबल नव्हे. सगळीकडे बशीसारखे उथळ खळगे आणि त्यांच्यामधून हलके उंचवटे. फोम आधी पॉलिश पेपरने घासून एक-दीड सेंटिमीटरचे चढउतार करा. ईगल साधारण साडेचार अंश कललेलं होतं, म्हणजे आपल्या मापात समोरासमोरच्या दोन पायांत जवळजवळ दीड सेंटिमीटरचा फरक येतो. हा उतार आत्ताच करून घ्या. नंतर पायाखाली पाचर मारली की ती दिसतेच.

खड्ड्यांचं गणित असं. ताजा खड्डा त्याच्या व्यासाच्या साधारण एक-पंचमांश खोल असतो, पण तुम्हाला ताजे थोडेच करायचे आहेत. बहुतेक खड्डे जुने, कोट्यवधी वर्षं बारीक उल्कांच्या माऱ्याने कडा बोथट झालेले आणि अर्धे भरलेले असतात. दहा सेंटिमीटरचा खड्डा असेल तर खोली एक सेंटिमीटरच्या आसपास. नवखा माणूस हमखास खोल वाट्या कोरतो आणि जमीन इडलीपात्रासारखी दिसायला लागते. मोठे खड्डे दोन किंवा तीन, त्यांतला एक फळीच्या कडेने कापलेला. मधले दहा-पंधरा. लहान मोजू नका. आधी मोठे, मग लहान, कारण नवा खड्डा जुन्याच्या कडेवर पडलेला दिसायला हवा. रांगेत किंवा सारख्या अंतरावर एकही नको. हात आपोआप सारखी अंतरं ठेवतो, म्हणून मी मूठभर हरभरे फळीवर फेकते आणि ते पडतील तिथे खूण करते.

इंजिनाखाली खड्डा करू नका. खूप जण करतात. ईगलच्या नोझलखाली खड्डा पडलाच नव्हता, वरची सैल धूळ तेवढी बाहेरच्या दिशेने झाडल्यासारखी झाली होती. नोझल आणि जमीन यांच्यात फूटभर अंतर राहिलं असं आर्मस्ट्राँगने तिथूनच सांगितलं होतं, म्हणजे आपलं सहा मिलिमीटर.

आता गिलावा. भिंतीला लावायची पांढरी पुट्टी तीन भाग, फेविकॉल एक भाग, पाणी अंदाजाने, आणि त्यातच काळा पोस्टर कलर. पुट्टी आधीच करडी केली की पुढे टवका उडाला तरी पांढरं दिसत नाही. श्रीखंडाइतकी घट्ट हवी. तीन-चार मिलिमीटरपेक्षा जाड थर दिला तर तडे जातात, आणि चंद्रावर चिखल वाळल्यासारखे तडे नसतात. ओली असतानाच जुन्या, मऊ ब्रशने थोपटा. ओढू नका. ओढल्याच्या रेघा वाऱ्याने उमटलेल्या लहरींसारख्या दिसतात, आणि तिथे वारा नाही.

पुट्टी अर्धवट सुकली, बोटाला चिकटत नाही पण दाबली जाते, की तीन कामं एका बसणीत करायची. पहिलं, लहान खड्डे: गोट्या, मणी, साबुदाणे वरून टाका आणि लगेच उचला. हाताने दाबलेल्यापेक्षा टाकलेले बरे, कारण कडेला आपोआप बारीक उचल येते. दुसरं, यानाच्या चारही तबकड्यांना तेलाचं बोट लावून जागेवर दाबा. खऱ्या तबकड्या एक-दोन इंचच रुतल्या होत्या, आपल्या मापात अर्धा ते एक मिलिमीटर. तिसरं, झेंड्याची काठी आणि पडद्याची काठी यांची भोकं पाडून घ्या. मग चोवीस तास हात लावायचा नाही. पावसाळ्यात तीन दिवस.

धूळ

इथे घाई केलीत तर आधीचं सगळं वाया. घरोघरी सापडणारी पहिली कल्पना म्हणजे रांगोळी, आणि ती अर्धी बरोबर आहे. रांगोळीचा कण समजा ०.३ मिलिमीटरचा, तर आपल्या मापात तो दीड सेंटिमीटरचा खडा झाला. म्हणून रांगोळी धूळ म्हणून नव्हे, बारीक खडी म्हणून वापरायची, तीही चिमूट-चिमूट. खऱ्या धुळीसाठी टाइल्सच्या फटी भरायचं करडं ग्राउट घ्या. ते पिठासारखं असतं, पाणी लागलं की स्वतःच घट्ट होतं. चुलीची राखही वापरून पाहिली. रंग सुंदर, पण गोंद लागला की ती काळी पडते आणि वाळल्यावर डागाळते.

एक भाग फेविकॉल, चार भाग पाणी आणि भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. हे मिश्रण ब्रशने एका वेळी वीतभर भागावर लावा. नाकातोंडाला मास्क बांधा, ग्राउटमध्ये सिमेंट असतं. चहाची गाळणी एक फूट वर धरून हलकेच टिचक्या मारा. गाळणी खाली आणलीत तर ढीग पडतात. पहिला थर वाळल्यावर फुंकर मारून सुटं काढा, मग दुसरा. तीन थरांत पुट्टीवरचे बोटांचे सगळे ठसे बुजतात आणि खड्ड्यांच्या कडा आपोआप मऊ होतात. शेवटी स्प्रेच्या बाटलीने पाण्याचा अगदी बारीक तुषार, फळीकडे नव्हे तर फळीच्या वर हवेत मारायचा, म्हणजे तो दवासारखा खाली बसतो.

दगड थोडेच, आणि गोटे नकोत. नदीतला गुळगुळीत खडा चंद्रावर असूच शकत नाही. खडीच्या ढिगातले कोनदार तुकडे हातोडीने फोडा, काही अर्धे पुरा, आणि सगळे एकाच आकाराचे घेऊ नका.

रंगाबद्दल मतभेद बरेच. चंद्र पांढरा दिसतो तो काळ्या आकाशामुळे. प्रत्यक्षात तो पडलेल्या प्रकाशातला सरासरी १२ टक्केच परत फेकतो, जवळपास जुन्या डांबरी रस्त्याइतका, आणि ट्रँक्विलिटीसारखे 'समुद्र', म्हणजे चंद्रावरची मैदानं, त्याहून काळे. पण घरात तेवढा गडद रंग दिला तर सावली दिसणारच नाही. म्हणून मधला करडा घ्या. काळा आणि पांढरा मिसळून येणारा करडा निळसर पडतो, त्यात बर्न्ट अंबर या तपकिरी रंगाचा एक ठिपका टाकला की तो ताळ्यावर येतो. सगळीकडे तो पातळ करून, मग जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर एक छटा उजळ. बस. तिसऱ्या छटेचा मोह आवरा.

यानाभोवतीची जमीन किंचित उजळ ठेवा. इंजिनाच्या झोताने तिथला पृष्ठभाग झाडला गेला, आणि २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटरच्या फोटोंतही उतरण्याच्या जागेभोवती उजळ वलय दिसतं. उलट माणसं चालली तिथे माती गडद. म्हणून शिडीच्या पायथ्यापासून झेंड्यापर्यंत कोळशाची बारीक पूड मऊ ब्रशने चोळा, आणि हे ठसे उमटवायच्या आधी करा.

पावलं

जुन्या एटीएम कार्डाचा ७ बाय ३ मिलिमीटरचा तुकडा कापा, टोकं गोल करा, त्यावर तांब्याच्या बारीक तारेचे आडवे तुकडे चिकटवा आणि मागे काडेपेटीची काडी. झाला शिक्का. जिथे चालायचं त्या पट्ट्यात ग्राउटचा एक ताजा थर द्या, तुषार मारा आणि अर्धवट ओला असताना शिक्का हलकेच दाबा. बूट फार रुतत नव्हते, पहिल्या पावलाला इंचाच्या आठव्या हिश्श्याइतकेच. म्हणजे आपल्याकडे फक्त खूण उमटायला हवी.

प्रत्येक माणसाच्या पायापर्यंत ठसे नेऊन पोहोचवा. हे विसरलं की तो माणूस आभाळातून पडल्यासारखा दिसतो. सुरुवातही शिडीखालच्या तबकडीपासून. झेंड्याभोवती गर्दी, कारण काठी रुतेना म्हणून दोघं तिथे झगडत होते. खड्ड्यांच्या पलीकडे एकही ठसा नको, तिथे तोवर कुणी गेलेलं नाही.

ईगल

किट जोडायच्या सूचना खोक्यात असतात, त्या पुन्हा सांगत नाही. चुका तेवढ्या सांगते.

सगळं यान सोनेरी नाही. सोनेरी दिसतो तो मुख्यतः खालचा भाग, उतरण्याचा टप्पा. वरचा, माणसं बसायचा भाग करडा, काळा आणि ॲल्युमिनियमचा. आणि ते सोनं नाहीच: कॅप्टॉन नावाच्या पिवळसर-नारिंगी फिल्मला मागून ॲल्युमिनियमचा मुलामा. म्हणून सोनेरी रंग मारला की यान देवळाच्या कळसासारखं दिसतं. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत, कॅप्टॉन टेप मिळते, सर्किटचं काम करणारे ती वापरतात. स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियम फॉइलच्या चकचकीत बाजूवर ती टेप चिकटवा, चुरगाळा, बोटाने अर्धवट सपाट करा. झालं खरं द्रव्य! टेप न मिळाल्यास फॉइलवर तामिया कंपनीचा पारदर्शक नारिंगी रंग आणि पारदर्शक पिवळा मिसळून मारा. मखराचा सोनेरी कागद मात्र नको, त्यावरची चमक फार एकसारखी असते.

फॉइल एका तुकड्यात गुंडाळू नका. एकेका पत्र्याच्या मापाचे तुकडे कापा. काही जास्त चुरगळलेले, काही जवळजवळ सपाट. मधूनमधून मॅट काळे पत्रे येतात, ते इंजिनांच्या उष्णतेपासून बचावासाठी होते. नासाचे अपोलो ११ चे फोटो मोफत उपलब्ध आहेत आणि पायी फिरतानाचे रंगीत फोटो ४० क्रमांकाच्या रिळात आहेत, एएस११-४० ने सुरू होणारे. ते उघडे ठेवूनच बसा. अपोलो १२ ते १७ चे फोटो पाहून रंगवू नका, प्रत्येक यानाचे पत्रे वेगळे.

तबकड्यांखाली लोंबणाऱ्या, जमीन लागल्याची वर्दी देणाऱ्या काड्या तीनच होत्या. शिडीच्या पायाची काडी काढून टाकली होती, उतरताना माणसाला अडचण नको म्हणून. खऱ्यात पावणेदोन मीटर, आपल्याकडे ३.५ सेंटिमीटर तार. टेकल्यावर त्या वाकून जमिनीवर आडव्या पडल्या होत्या, तशाच वाकवा. शिडीला नऊ पायऱ्या, आणि शेवटची पायरी तबकडीपासून बरीच वर, कारण ईगल इतकं अलगद उतरलं की पायांतले धक्काशोषक फारसे दबलेच नाहीत. यानाच्या पोटाखाली एक पांढरी पिशवी टाका: बाहेर आल्या आल्या खाली टाकलेला कचरा. कचऱ्याची पिशवी दिसली की जाणकार हसतात.

माणसं, झेंडा, पडदा

किटमधली माणसं ताठ उभी असतात. पाठीवरच्या वजनामुळे ते किंचित पुढे झुकून उभे राहात. घोट्याशी कापून आठ-दहा अंश पुढे वाकवा, तेवढ्याने जीव येतो. पोशाख पांढरा, पण शुद्ध पांढरा नव्हे, किंचित करडा. छातीवरच्या नळ्यांची तोंडं लाल आणि निळी. हातापायांवर लाल पट्टे देऊ नका, ते अपोलो १३ पासून आले. गुडघ्याखाली ग्राउटची पूड कोरड्या ब्रशने लावा. हेल्मेटच्या काचेवर सोनेरी फॉइलचा तुकडा रंगापेक्षा सरस.

झेंडा पातळ कागदावर दोन्ही बाजूंनी छापा आणि मध्ये फॉइल घालून चिकटवा, म्हणजे दिलेला आकार राहतो. वरून आडवी दांडी हवीच. ती पूर्ण उघडली नव्हती म्हणून कापड चुणीदार राहिलं. तेवढ्याच उभ्या चुण्या घाला, फडफड नको. काठीला अर्धा मिलिमीटरची तार. पडदा म्हणजे फॉइलची २९ बाय ६ मिलिमीटरची पट्टी, उभी, सूर्याकडे तोंड करून.

दिवा

सूर्य एकच, म्हणून दिवाही एकच. पट्टी नको, पॅनेल नको. एकाच ठिपक्यातून उजेड देणारा, अरुंद झोताचा पांढरा एलईडी हवा. दीड मीटर लांब ठेवा आणि जमिनीपासून ३७ सेंटिमीटर वर, की झाले १४ अंश. जवळ आणलात तर सावल्या पंख्यासारख्या फाकतात आणि फसवणूक उघडी पडते. खोलीतले बाकी दिवे बंद. सावल्या काळ्याकुट्ट होतील, पण जमिनीवरून परावर्तित झालेला थोडा उजेड यानाच्या सावलीतल्या बाजूवर आपोआप चढतो. चंद्रावरही तसाच चढत होता, म्हणून तर शिडीचे फोटो निघाले. सावल्या रंगवू मात्र नका, दिवसा खिडकीतून उजेड आला की दोन सूर्य दिसतात.

मागे काळी मखमल. तिच्यावर चांदण्या टिकवू नका. उन्हातल्या फोटोंना इतका कमी वेळ उजेड दिला जातो की तारे उमटतच नाहीत. पृथ्वीही टांगू नका. ईगलच्या जागेवरून ती आकाशात साधारण ६६ अंश उंच होती, जवळजवळ डोक्यावर. क्षितिजावर लटकणारी निळी पृथ्वी हवीच असेल तर देखावा बदला आणि चांद्रयान-३ चं 'विक्रम' हे यान करा. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं ते ६९ अंश दक्षिणेला, तिथून पृथ्वी वायव्येच्या बाजूला १७ अंशांच्या आसपासच दिसते. जमीन आणि धूळ करायची कृती तीच. यान दोन मीटर बाय दोन मीटर, पुठ्ठ्यातून सुद्धा होईल.

झाकण आणि फोटो

ॲक्रिलिकची पेटी करून घ्या. आपल्या घरातली धूळ चंद्रावर बसली की ती तंतुमय असते, लगेच ओळखू येते, आणि फुंकून काढायला जावं तर आपलीच धूळ उडते. कोपऱ्यात फोमखाली सिलिका जेलच्या पुड्या लपवा, नाहीतर जुलैत फेविकॉलला बुरशी येते. चंद्रावर बुरशी, माझ्या दुसऱ्या देखाव्याला आली होती.

फोटो काढताना मोबाइल उलटा धरा, म्हणजे कॅमेऱ्याची भिंग जमिनीलगत येते, साधारण साडेतीन सेंटिमीटरवर. ही त्या मापातल्या माणसाच्या डोळ्याची उंची. एक्स्पोजर हाताने कमी करा, जमिनीचा उजळ भाग करडा दिसेपर्यंत. पेटीचं झाकण काढूनच काढा, नाहीतर मखमलीवर तुमचाच चेहरा उमटतो.